तीन यंत्रे, एक लय: हार्डवेअर सीक्वेन्सर आणि सिंथेसायझर मंचासाठी कसे जोडावेत

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर रागांच्या सुरावटी वाजवून ध्वनिमुद्रित केल्या. टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, अशी ती तीन यंत्रे होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारी सर्वमान्य पद्धत तेव्हा अस्तित्वात नव्हती. ८०८ आणि ३०३ यांना जोडणारी रोलँडची स्वतःची पाच पिनांची केबल मात्र होती, आणि तिच्यातून दोनच गोष्टी जात असत: यंत्र चालू राहावे की थांबावे हे सांगणारा विद्युतदाब आणि दर बीटला चोवीस स्पंद. कोणता स्वर वाजवायचा हे ८०८ कधीच ३०३ ला सांगत नसे. तो स्वर ३०३ च्या स्मृतीत आधीच भरून ठेवलेला असे, आणि पुढच्या घरात, म्हणजे क्रमातल्या पुढच्या जागी, कधी सरकायचे एवढेच त्याला बाहेरून कळत असे.

लॅपटॉप न वापरता यंत्रांवरच इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रत्यक्ष कार्यक्रम करू इच्छिणाऱ्याने हा जुना भेद पक्का लक्षात ठेवावा, कारण तो आजही तितकाच खरा आहे. टेबलावर पसरलेल्या केबलींच्या गुंत्यात लय, स्वरांचे आदेश आणि प्रत्यक्ष आवाज असे तीन वेगळे प्रवाह वाहत असतात, आणि चौथा अर्थातच विजेचा. कार्यक्रमाच्या आधी उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणी यंत्रांच्या बिघाडाच्या नसतात. या प्रवाहांपैकी कोणता कोठून कोठे जातो हे वादकाने ठरवलेलेच नसते, म्हणून त्या उद्भवतात.

सीक्वेन्सर म्हणजे स्वर आणि ठोके ठरावीक क्रमाने, ठरावीक वेळी वाजवण्याची आज्ञा देणारे यंत्र. त्याच्यावर बहुधा सोळा बटणांची ओळ असते. प्रत्येक बटण म्हणजे एक घर, आणि पाश्चात्त्य चार बीटच्या एका बारची अशी सोळा घरे होतात. गती मिनिटाला १२० बीट असेल, तर एक बीट ५०० मिलिसेकंदांची आणि एक घर १२५ मिलिसेकंदांचे असते. सिंथेसायझर हे त्या आज्ञेवरून आवाज निर्माण करणारे यंत्र होय. आजच्या अनेक यंत्रांत दोन्ही कामे एकाच पेटीत होत असल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो: सिंथेसायझरमध्येही स्वतःचा छोटा सीक्वेन्सर असतो, आणि बाहेरचा मोठा सीक्वेन्सर जोडल्यावर दोघेही एकाच वेळी त्या आवाजावर हक्क सांगू लागतात. जोडणी सुरू करण्यापूर्वी कोणत्या यंत्राचा सीक्वेन्सर वापरायचा आणि कोणाचा निजवून ठेवायचा, हे कागदावर लिहून काढावे.

समजावण्याच्या सोयीसाठी एक नेमका संच घेऊ. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या एलेक्ट्रॉन कंपनीचा २०१७ चा पहिला डिजिटॅक्ट हा मध्यभागी ठेवू. त्यात नमुनाध्वनी (सॅम्पल, म्हणजे आधी मुद्रित केलेले आवाज) वाजवणारे आठ ट्रॅक, म्हणजे स्वतंत्र ओळी, आहेत, आणि बाहेरच्या वाद्यांना आदेश देणारे आणखी आठ. सुरावटीसाठी आणि स्वरमेळांसाठी कॉर्ग कंपनीचा मिनीलॉग हा चार आवाजांचा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर घेऊ, आणि बेससाठी त्याच कंपनीची छोटी वोल्का बेस. तीन यंत्रे पहिल्या कार्यक्रमाला पुरेशी आहेत, किंबहुना माझ्या मते त्याहून अधिक असूच नयेत. चौथे यंत्र घेण्याचा मोह झाला, तर त्या पैशांत चांगला मिक्सर आणि जास्तीच्या केबली घ्याव्यात.

आता आदेशांचा प्रवाह. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील नॅम या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन स्पर्धक कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवण्यात आले, आणि मिडी ही पद्धत जगासमोर आली. तिच्यासाठी पुढाकार घेणारे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मिडीच्या केबलमधून आवाज मुळीच जात नाही. जातात ते फक्त आकडे: अमुक वाहिनीवर, अमुक स्वर, इतक्या जोराने दाबला, आणि नंतर सोडला. या आकड्यांचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतकाच आहे, जो चार दशकांत पाच पिनांच्या केबलवर बदललेला नाही. एक स्वर सुरू करण्याचा आदेश तीन बाइटचा असतो आणि त्याला पोहोचायला सुमारे एक मिलिसेकंद लागते, म्हणजे चार स्वरांचा मेळ जवळपास चार मिलिसेकंदांत उलगडतो. कानाला हे जाणवत नाही. मात्र त्याच केबलवरून पाच-सहा नॉबांच्या हालचाली सतत पाठवल्या, तर सेकंदाला हजारएक आदेशांची ही वाट भरून जाते आणि लय अडखळल्यासारखी वाटू लागते. लयीचा स्पंद फक्त एका बाइटचा असून तो दुसऱ्या आदेशाच्या मधूनही घुसू शकतो, ही सोय मूळ रचनेतच केलेली आहे. स्वरांना ती सवलत नाही.

एका केबलवर सोळा वाहिन्या असतात. प्रत्येक यंत्र आपापल्या वाहिनीवरचेच आदेश ऐकते, निदान त्याने तसे ऐकावे अशी अपेक्षा असते. आपल्या संचात मिनीलॉगला वाहिनी ११ आणि वोल्काला वाहिनी १२ दिली, आणि डिजिटॅक्टचे दोन मिडी ट्रॅक त्याच दोन वाहिन्यांवर लावले, की काम झाले. खालच्या वाहिन्या मी मुद्दाम मोकळ्या सोडतो, कारण डिजिटॅक्टचे स्वतःचे ध्वनी ट्रॅकही बाहेरून आलेले आदेश ऐकू शकतात आणि नकळत बास ड्रमच सुरावट वाजवू लागतो. सगळ्या वाहिन्या ऐकण्याची सवय एखाद्या यंत्राला लागलेली असेल तर ती त्याच्या मेनूत जाऊन बंद करावी. पॅच, म्हणजे सिंथेसायझरमध्ये साठवलेला आवाज, बदलण्याचे आदेशही याच केबलमधून जातात, आणि त्यांच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष असते: सीक्वेन्सरवर पुढचा पॅटर्न, म्हणजे घरांत भरून ठेवलेला पुढचा क्रम, निवडताच सिंथेसायझरचा आवाजही अनपेक्षितपणे बदलला, तर दोष या आदेशांचा असतो. ते हवे असतील तर प्रत्येक पॅटर्नसाठी विचारपूर्वक लावावेत, नको असतील तर दोन्ही टोकांना बंद करावेत.

लयीच्या बाबतीत एकच नियम पाळावा, की संपूर्ण टेबलावर नेता एकच असावा. ढोल-ताशा पथकात ताशा ज्या गतीने जाईल त्याच गतीने सगळे ढोल जातात, आणि दोन ताशे दोन गतींनी वाजू लागले तर पथक विस्कटते. येथेही तसेच आहे. डिजिटॅक्टला नेता केले, की त्याने लयीचे स्पंद आणि सुरू-थांबाचे आदेश पाठवावेत, आणि मिनीलॉग व वोल्का यांनी केवळ ऐकावे. मिडीतही दर बीटला चोवीसच स्पंद असतात, म्हणजे १२० च्या गतीला सुमारे २०.८ मिलिसेकंदांना एक. एका घराला असे सहा स्पंद येतात. एखादे यंत्र दुप्पट वेगाने धावू लागले, तर पहिली शंका ही घ्यावी की तेच स्पंद त्याच्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचत आहेत, एकदा पाच पिनांच्या केबलने आणि एकदा यूएसबीने. सुरू होण्याचा आदेश स्पंदांहून वेगळा असतो, हेही ध्यानात घ्यावे. कार्यक्रमात मध्येच एखादी केबल निघून पुन्हा बसवली, तर गती लगेच जुळते, पण यंत्र कोणत्या घरावर आहे हे जुळेलच असे नाही, आणि समेचा पत्ता हरवतो. अशा वेळी त्या यंत्राचा आवाज मिक्सरवर खाली घ्यावा, पुढच्या मोकळ्या जागेत नेता थांबवून पुन्हा सुरू करावा, आणि श्रोत्यांना तो मुद्दाम घेतलेला विराम वाटू द्यावा.

प्रत्यक्ष केबली लावताना आपल्या संचात लगेच एक अडचण दिसते. डिजिटॅक्टला मिडीचे एकच खरे निर्गम (आउटपुट) आहे, मिनीलॉगवर आलेले आदेश जसेच्या तसे पुढे देणारे थ्रू हे छिद्र नाही, आणि वोल्का बेसला तर फक्त आत येणारे छिद्र आहे. म्हणून एकाचे अनेक करणारी छोटी थ्रू पेटी मध्ये घालावी लागते. थ्रू असलेली यंत्रे एकामागून एक ओवताही येतात, पण प्रत्येक टप्प्यावर संकेताच्या कडा किंचित बोथट होतात, त्यामुळे तीन-चार यंत्रांच्या पुढे माळ वाढवू नये. केबलची लांबीही पंधरा मीटरच्या आत ठेवावी. टेबलावरच्या संचाला एरवी दीड मीटर पुष्कळ होते. अलीकडच्या छोट्या यंत्रांवर पाच पिनांऐवजी हेडफोनसारखे बारीक छिद्र असते, आणि त्यात ए आणि बी अशा दोन उलट जोडण्या बाजारात आल्या. २०१८ मध्ये ए प्रकार मान्य झाला असला, तरी जुनी बी प्रकारची यंत्रे वापरात आहेतच. केबल बसते पण काहीच वाजत नाही, अशा वेळी हे तपासावे. यूएसबीचीही एक खोच आहे: दोन सिंथेसायझर यूएसबीने थेट एकमेकांना जोडले तर काहीही घडत नाही, कारण दोघेही संगणकाची वाट पाहत बसलेले असतात. मध्ये यूएसबी होस्टचे काम करणारी पेटी लागते.

मिडीच्या आधीची किंवा मिडीला बगल देणारी यंत्रे जोडायची असतील, तर स्पंदांची संख्या जुळवावी लागते. रोलँडची जुनी यंत्रे बीटला चोवीस स्पंद मागतात आणि कॉर्गची त्या काळातली यंत्रे अठ्ठेचाळीस. वोल्का मालिकेचे बारीक सिंक छिद्र मात्र बीटला दोनच स्पंदांवर चालते. आकडा चुकला की यंत्र हास्यास्पद मंद किंवा भन्नाट वेगवान चालते, त्यामुळे ही चूक निदान लपून राहत नाही. सुटे भाग तारांनी जोडून बनवलेल्या मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये स्वरसुद्धा विद्युतदाबानेच ठरतो. बहुतेक ठिकाणी एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर, तर कॉर्ग आणि यामाहा यांच्या काही जुन्या वाद्यांत वेगळेच गणित असते. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आवाजाच्या प्रवाहात सर्वाधिक वेळ जातो, आणि सर्वाधिक दुर्लक्षही त्याच्याचकडे होते. डिजिटॅक्टचे डावे-उजवे असे दोन निर्गम, मिनीलॉगचे एकच मोनो निर्गम आणि वोल्काचे हेडफोनचे बारीक छिद्र, एवढे मिक्सरवर आणायचे आहे. वोल्काजवळ एक सापळा दडलेला आहे. हेडफोनच्या छिद्रातून डावीकडे आणि उजवीकडे एकच आवाज येतो. दोन्ही टोकांना स्टीरिओ पिना असलेली साधी केबल मिक्सरच्या बॅलन्स्ड छिद्रात, म्हणजे एकच आवाज दोन तारांवर एकमेकांच्या उलट येईल अशी अपेक्षा असलेल्या छिद्रात, खुपसली, तर मिक्सर त्या दोन संकेतांची वजाबाकी करतो, आणि दोन्ही सारखेच असल्यामुळे हाती जवळजवळ शांतताच येते. माणूस मग वोल्का बिघडली असे समजतो. एका बारीक स्टीरिओ पिनेतून दोन स्वतंत्र मोनो पिना काढणारी वाय केबल वापरून त्यातली एकच पिन मिक्सरला लावली, की प्रश्न मिटतो.

मिक्सरवरचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा हे ठरवणारा नॉब, प्रत्येक यंत्राच्या सर्वांत मोठ्या पॅटर्नवर लावावा, सुरुवातीच्या हळुवार पॅटर्नवर कधीही लावू नये. फिल्टरचा रेझोनन्स, म्हणजे एका ठरावीक पट्टीतला आवाज उठवण्याचे प्रमाण, वाढवला की आवाजाचे शिखर अचानक उंच जाते, म्हणून बेसच्या वाहिनीवर जास्त मोकळीक ठेवावी. घरच्या छोट्या स्पीकरवर बास ड्रम आणि बेस छान वेगळे ऐकू येतात आणि मोठ्या सबवूफरवर त्यांचा एकच गोळा होतो, हा अनुभव बहुतेकांना येतो. याचे उत्तर इक्वलायझरमध्ये शोधण्यापूर्वी रचनेत शोधावे: बेसचे स्वर बास ड्रमच्या ठोक्यांच्या मधल्या घरांत टाकावेत, किंवा दोघांपैकी एकाचा आवाज आखूड करावा. अनेक ठिकाणी ध्वनिव्यवस्था मोनोच असते, त्यामुळे डाव्या-उजव्या फिरत्या परिणामांवर सगळी गंमत अवलंबून ठेवू नये.

मंचापासून मुख्य मिक्सरपर्यंतचे अंतर वीस-तीस मीटर सहज असते, आणि सिंथेसायझरची साधी केबल एवढ्या अंतरावर गुणगुण ओढून घेते. तेथे डीआय बॉक्स, म्हणजे साध्या संकेताचा बॅलन्स्ड संकेत करणारी पेटी, लावून बॅलन्स्ड केबलने आवाज पुढे द्यावा. आयोजकांना तशी मागणी आधीच लिहून कळवावी. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स दुसरेही काम करतो. दोन यंत्रे वेगवेगळ्या सॉकेटांतून अर्थिंग घेत असतील आणि आवाजाच्या केबलनेही जोडलेली असतील, तर एक बंद वर्तुळ तयार होते आणि ५० हर्ट्‌झची गुणगुण सुरू होते. ट्रान्सफॉर्मर ते वर्तुळ तोडतो. मिडीची रचना करणाऱ्यांनी याचा विचार आधीच केला होता. पाच पिनांच्या आगमात (इनपुटमध्ये) संकेत प्रकाशाच्या रूपाने एक छोटी दरी ओलांडतो, त्यामुळे ती केबल सहसा गुणगुण आणत नाही. यूएसबीला अशी दरी नसते, म्हणूनच यूएसबी लावताच बारीक किणकिण ऐकू येऊ लागते. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो सल्ला अधूनमधून ऐकू येतो, तो जिवाशी खेळ आहे.

विजेबद्दल आणखी थोडे. जपान किंवा अमेरिकेतून आणलेल्या जुन्या यंत्रांचा अंगभूत वीजपुरवठा १०० किंवा १२० व्होल्टचा असू शकतो, आणि आपल्या २३० व्होल्टवर ते यंत्र क्षणात जळते. नऊ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर दिसायला सारखे असले, तरी गिटारच्या पेडलच्या अ‍ॅडॉप्टरच्या पिनेचा मध्यबिंदू बहुधा ऋण असतो आणि कॉर्गच्या या सिंथेसायझरांचा धन. प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवर यंत्राचे नाव लिहिलेली चिकटपट्टी लावण्याइतके स्वस्त संरक्षण दुसरे नाही. गोव्यातल्या किंवा कोकणातल्या उघड्या जागेतल्या कार्यक्रमात जनरेटर असतो आणि वीज बदलताना क्षणभर जाते. बॅटरीवर चालणारी वोल्का तेवढ्यात टिकते, डिजिटॅक्ट मात्र बंद पडतो, आणि न साठवलेले काम त्याच्याबरोबर जाण्याची भीती असते. छोटा यूपीएस टेबलाखाली ठेवणे म्हणूनच चैनीत मोडत नाही. दमट हवेत आवाजाच्या पिनांवर गंज चढतो आणि खरखर येते, तेव्हा पावसाळ्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाआधी सगळ्या पिना पुसून, फिरवून पाहाव्यात.

हे सगळे जुळल्यावर वाजवायचे काय, हा प्रश्न उरतोच. यंत्रे आपोआप वाजत असताना वादकाच्या हातात जे राहते ते म्हणजे ट्रॅक उघडणे-मिटवणे, फिल्टर फिरवणे, पॅटर्न बदलणे आणि घरांमध्ये तेथल्या तेथे फेरफार करणे. डिजिटॅक्टवर पॅटर्नची तात्पुरती नोंद ठेवून, त्याच्याशी हवी तेवढी मोडतोड करून, एका आदेशाने मूळ रूपात परत येता येते. धाडसाने वाजवण्याचा आत्मविश्वास या एका सोयीतून येतो, त्यामुळे तिची बोटांना सवय होईपर्यंत सराव करावा. मिनीलॉगवर नॉबांची वागणूक निवडता येते. मूळ सवयीप्रमाणे, पॅच बदलल्यावर नॉब हलवताच आवाज एकदम नॉबच्या जागेवर उडी मारतो. ‘कॅच’ हा पर्याय निवडला, तर नॉब साठवलेल्या मूल्यापर्यंत पोहोचेपर्यंत काही होत नाही आणि तेथून पुढे तो हाताबरोबर चालतो. मंचासाठी मला हाच पर्याय योग्य वाटतो.

तालाची सवय असलेल्या वाचकांना सीक्वेन्सरमधली एक शक्यता विशेष रुचेल. प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते. बास ड्रम सोळा घरांवर आणि बेस दहा घरांवर फिरत ठेवला, तर दोघांची पहिली घरे ऐंशी घरांनी, म्हणजे पाच बारनंतर, पुन्हा एकत्र येतात. सात घरांचा ट्रॅक घेतला तर एकशे बारा घरांनी, सात बारनंतर. त्रितालाच्या सोळा मात्रा आणि झपतालाच्या दहा यांचे गणित ज्याच्या अंगात मुरलेले आहे, त्याला ही सम कधी येणार हे मोजावे लागत नाही, आणि नेमके तिच्यावर नवा ट्रॅक उघडणे त्याला सहज जमते.

गायक किंवा तबलजी सोबत असतील तर दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. एक म्हणजे षड्ज: गायिकेची पट्टी काळी पाच आणि आपले सगळे पॅटर्न पांढरी एकमध्ये भरलेले, अशी वेळ येऊ नये, आणि तानपुऱ्याशी जुळवण्यासाठी सिंथेसायझरचे बारीक ट्यूनिंग कोठे आहे हे ठाऊक असावे. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर थंड असताना आणि तापल्यावर वेगळ्या स्वरावर असतात, म्हणून यंत्र निदान अर्धा तास आधी चालू ठेवून मगच जुळवणी करावी. दुसरी म्हणजे लय: यंत्र तबलजीच्या मागे जात नाही, तबलजीला यंत्राबरोबर जावे लागते, तेव्हा त्याच्या मॉनिटरमध्ये हाय-हॅटसारखा स्पष्ट ठोका भरपूर द्यावा आणि रिव्हर्ब अजिबात देऊ नये.

कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर आधी वीज, मग आवाज, मग मिडी या क्रमाने जोडणी करावी. प्रत्येक टप्प्यानंतर एकेक यंत्र एकटे वाजवून पाहावे, म्हणजे दोष सापडला तर तो शेवटच्या केबलमध्येच असतो. आधीचा कलाकार टेबल आवरत असताना पंधरा मिनिटांत हे सगळे करावे लागते, आणि तेही बऱ्याचदा अंधारात. म्हणून घरीच यंत्रे एका फळीवर पक्की करून, केबली न काढता, फळीच उचलून नेणारे वादक शहाणे म्हणावे लागतील. वाजवून झाल्यावर आधी मिक्सरच्या वाहिन्या खाली, मग ध्वनिव्यवस्थेच्या माणसाचा होकार, आणि त्यानंतरच यंत्रांचे स्विच बंद, कारण चालू स्पीकरवर सिंथेसायझर बंद केल्याचा जो धडाका होतो त्याने एखादा ट्वीटर कायमचा जाऊ शकतो.